पट्टीखालचा आकडा

डॉक्टर वेइ रू-यिन रागावली की तिचे कान लाल होतात. त्या शनिवारी ताइचुंग शहरातल्या सभागृहात ते सकाळी साडेनऊपासून लाल होते, पण दिवे मंद केलेले असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भूलतज्ज्ञ होण्यासाठीची तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती आणि परीक्षकांचं प्रशिक्षण चाललं होतं. परीक्षा घेणाऱ्यांनाही शिकवावं लागतं हे रू-यिनच्या आईला कधीच पटलं नाही. "एवढे शिकलेले लोक, त्यांना काय शिकवतेस तू?" असं ती दर वर्षी विचारायची. काय शिकवायचं ते अगदी साधं होतं. समोर पडदा, पडद्यावर एक नकली उमेदवार प्रश्नांची उत्तरं देतोय. चोवीस परीक्षकांनी ते बघायचं, प्रत्येकाने आपल्या मनाने पाचांपैकी गुण लिहायचे, मग आकडे ताडून बघायचे. कोणाचा हात सढळ, कोणाचा आखडता, ते तिथल्या तिथे कळतं. ही पद्धत रू-यिननेच आणली होती. परीक्षकांवर देखरेख ठेवायचं कामही गेल्या वर्षापासून तिच्याकडेच होतं.

पहिल्या रांगेत मधोमध फान सर बसले होते. वय अडुसष्ट, परीक्षा मंडळाचे अध्यक्ष. घशात नळी कशी घालायची हे या बेटावरच्या निम्म्या भूलतज्ज्ञांनी त्यांच्याकडून शिकलेलं, रू-यिननेही. चित्रफीत सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच सरांची मान कलली. चौथ्या मिनिटाला ते घोरायला लागले. शेजारच्याने हळूच त्यांच्या मांडीवरची फाइल सावरली, एवढंच.

आठव्या मिनिटाला दिवे लागले. सर जागे झाले, रुमालाने ओठ पुसले, शाईच्या पेनाचं टोपण काढून कागदावर एक आकडा लिहिला आणि टोपण टक्कन बसवलं.

त्यानंतर तेवीस पेनं चालू झाली.

सर आकडा मोठा काढतात. मागच्या रांगेला तो दिसतो, आणि मागची रांग आपल्या मागच्यांना कोपराने कळवते. रू-यिनने कागद गोळा केले. दोन. दोन. दोन. चोवीसच्या चोवीस कागदांवर दोन. पडद्यावरचा नकली उमेदवार तिच्याच विभागातला होता आणि चार गुणांचं उत्तर त्याच्याकडून तिने तीन दिवस घोकून घेतलं होतं. संगणकाने निकाल दाखवला, परीक्षकांची एकवाक्यता शंभर टक्के. सभागृहात टाळ्या पडल्या.

गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव टक्के होती. ते रू-यिनने अहवालात ठळक अक्षरात छापलं होतं. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या आणि तिने वाकून त्या घेतल्या होत्या. आज तिला स्वतःचीच किळस आली.

चहाच्या वेळी तिने चुंगला बाजूला घेतलं. चुंग छत्तीस वर्षांचा, हुशार, तिच्याच कॉलेजचा. एकाच कॉलेजात शिकलं की, मधे कितीही वर्षं गेली तरी, धाकटा थोरलीला जन्मभर ताई म्हणतो.

"पडद्यावरच्या पोराने काय चूक केली रे?"

"तशी काही नाही, ताई. बारीकसारीक असेल."

"मग दोन का दिलेस?"

"सरांना काहीतरी दिसलं असणार. मला नाही दिसलं."

"सर झोपले होते."

चुंगने कपात पाहिलं. "झोपेतसुद्धा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, ताई."

तो चेष्टा करत नव्हता, आणि रू-यिनला राग आला तो त्याचाच. परीक्षक व्हायला दहा वर्षांचा अनुभव, दोन शिफारशी आणि मुलाखत लागते, असा नियम कागदावर आहे. प्रत्यक्षात फान सरांचा फोन येतो, "नोव्हेंबरात रविवारी काय करतोस?" चोवीसातले एकोणीस जण त्या फोनवर आलेले. चुंग तसाच आला होता. रू-यिनही तशीच आली होती.

ती सरांकडे गेली. मनाशी वाक्य जुळवून गेली.

"सर, मघाशी चित्रफितीच्या वेळी आपला जरा डोळा लागला होता."

"लागला असेल," सर हसले. "रू-यिन, माझ्या वयाला आलीस की कळेल. उमेदवार दारातून आत येतो ना, तेव्हाच त्याचे गुण ठरलेले असतात. चालण्यावरून कळतं."

मग आठ मिनिटं प्रश्न कशाला विचारायचे, दारातच शिक्का मारून पाठवू, असं तिला म्हणायचं होतं. ती "हो सर" म्हणाली आणि त्यांच्या कपात चहा ओतला. हे मागाहून तिला आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

परीक्षेत प्रत्येक खोलीत दोन परीक्षक बसतात. दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळे गुण द्यायचे. तीन किंवा जास्त म्हणजे पास. एकाने पास केलं आणि दुसऱ्याने नापास, तर उत्तरांचं ध्वनिमुद्रण तिसऱ्या परीक्षकाकडे जातं आणि त्याचा शब्द शेवटचा. दहा वर्षांपूर्वी, कुठल्याही उमेदवाराचं नशीब एका माणसाच्या हातात राहू नये म्हणून हा नियम केला गेला. त्या तिसऱ्या जागेवर डॉक्टर लाइ सहा वर्षं बसत होता. टोकाच्या खोलीत हेडफोन, कोंबडीची तंगडी घातलेला जेवणाचा डबा आणि खुनाच्या गोष्टींचं पुस्तक घेऊन. सहा वर्षांत त्याच्याकडे एकही उमेदवार आला नाही. "परीक्षेने माझं वाचन मात्र वाढवलं," असं तो सांगायचा.

परीक्षेच्या रविवारी रू-यिन चार नंबरच्या खोलीबाहेर, आरशासारख्या काचेमागे बसली. आत फान सर आणि चुंग शेजारी शेजारी. तिची खुर्ची नेमकी चुंगच्या खांद्यामागे येत होती आणि त्याचा कागद तिला नीट दिसत होता. अकरा वाजता एकतीस नंबरची उमेदवार आत आली. उमेदवाराचं नाव परीक्षकांना सांगत नाहीत, फक्त नंबर. सावळी, बुटकी, तिशीची बाई. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या.

प्रश्न बाळंतिणीचा होता. पोट फाडून मूल काढलंय, रक्तस्राव थांबत नाही, दाब उतरतोय, तुम्ही भूल दिली आहे, आता काय कराल?

"आधी फोन उचलीन," एकतीस नंबर म्हणाली. "रक्त मागवीन. मग बाकीचं."

"पुस्तकात आधी काय दिलंय?" सरांनी विचारलं.

"आधी दुसरी मोठी सुई, मग सलाइन, मग तपासणीला रक्त, मग रक्तपेढी. ते मला येतं, सर. पण आमच्याकडे रक्त यायला दीड तास लागतो. पुस्तकाच्या क्रमाने गेले तर रक्त पोचेल तेव्हा बाई गेलेली असेल. फोन कानाला लावून सुई घालता येते."

मग तिने बाकीचं सगळं सांगितलं. कुठलं औषध, किती, दाब किती झाला की काय, गर्भाशय काढायचा निर्णय कुठल्या क्षणी बोलायचा, नवऱ्याला काय सांगायचं. रू-यिन काचेमागे पुढे सरकून बसली होती. असं उत्तर कुणाला शिकवून येत नाही. ज्याने ते भोगलंय त्यालाच येतं.

"कुठल्या इस्पितळातून आलात?" सर म्हणाले.

हा प्रश्न विचारायला मनाई आहे. प्रशिक्षणात रू-यिन तो पहिल्याच पानावर लाल अक्षरात दाखवते.

"ताइतुंगकडून, सर."

"वाटलंच. डोंगरातल्या आदिवासींना कॉलेजात सवलतीने घेतात, ठीक आहे. भूल पण आता सवलतीने द्यायची का?"

चुंगने मान खाली घातली. एकतीस नंबरच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती बहुधा हे वाक्य पहिल्यांदा ऐकत नव्हती.

"आम्ही डोंगरातले नाही, सर. आम्ही आमिस जमातीचे, समुद्राकाठचे," ती म्हणाली. "रक्त तेवढं डोंगरापलीकडून येतं."

घंटा झाली. ती वाकून नमस्कार करून बाहेर गेली.

चुंगने पेन उचललं आणि लिहिलं, चार. रू-यिनने ते स्पष्ट पाहिलं. मग शेजारी टक्कन आवाज झाला. सरांनी टोपण बसवलं होतं. त्यांच्या कागदावर दोन. चुंग क्षणभर तसाच बसला. मग त्याने खिशातून व्हाइटनरची पट्टी काढली, चारावरून फिरवली, वर दोन लिहिला. छातीच्या खिशातून सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का काढला, लाल शाईत टेकवला आणि खाडाखोडीशेजारी सरळ उमटवला. बिनशिक्क्याची खाडाखोड इथे कुणी स्वीकारत नाही. माणूस स्वतःचं मत खोडतो, आणि वर अगदी नियमाने आपलं नाव टेकवतो.

रू-यिनला वाटलं, काच फोडून त्याचा हात धरावा. पण तिची स्वतःची बोटं मांडीवर आपोआप हलली होती. ती पट्टी किती दाबून फिरवायची आणि शाई वाळायला किती वेळ थांबायचं, हे त्या बोटांना चांगलं ठाऊक होतं.

तीन वाजता शेवटचा उमेदवार झाला आणि ती कार्यालयात गेली. तिथल्या श्यू बाई आकडे संगणकात चढवून डबा धूत होत्या.

"मला चार नंबरच्या खोलीचे मूळ कागद द्या."

"कागद कशाला, मॅडम? आकडे आहेत ना आत. सगळे छान जुळलेत."

"जुळलेत म्हणूनच द्या."

खिडकीत ऊन होतं. रू-यिनने चुंगचा एकेक कागद काचेला लावला. पट्टीखालचा आकडा उजेडात दिसतो, नीट दिसतो. तीन होता, दोन केला. चार होता, दोन केला. वीस उमेदवारांपैकी अकरा जणांच्या कागदावर पट्टी, आणि अकराही ठिकाणी आकडा फान सरांच्या आकड्याकडे सरकलेला. संगणकाला हे कधीच दिसलं नव्हतं, कारण संगणकात फक्त वरचा आकडा जातो. आणि तिने दोन वर्षं फक्त संगणकच पाहिला होता.

"एकतीस नंबरची जुनी फाइल काढा," ती म्हणाली.

नाव पानाइ. वय बत्तीस. यंदाची तिसरी खेप. तीनदा नापास झालं की मोठ्या इस्पितळात पुन्हा वर्षभर उमेदवारी करावी लागते. फाइलला तिच्या इस्पितळाचं एक पत्र टाचलेलं होतं, कुणी उघडलेलंसुद्धा दिसत नव्हतं. आमचे भूलतज्ज्ञ एकाहत्तर वर्षांचे आहेत, डिसेंबरअखेर थांबणार आहेत. डॉक्टर पानाइ यंदा पास झाल्या नाहीत तर बाळंतपणाचा विभाग बंद करावा लागेल. जवळचं पुढचं इस्पितळ दीड तासावर आहे.

खाली गेल्या वर्षीचे कागद होते आणि त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचे, पहिल्या खेपेचे. पहिला परीक्षक फान. दुसऱ्या परीक्षकाच्या कागदावर पांढरी पट्टी, पट्टीवर दोन, शेजारी लाल शिक्का.

शिक्क्यात लिहिलं होतं, वेइ रू-यिन.

तिने कागद काचेला लावला. तिला दोन वर्षांपूर्वीची ती उमेदवार आठवत नव्हती. चेहरा नाही, उत्तर नाही, काही नाही. पट्टीखाली चार होता.

"मॅडम, बरं वाटत नाही का?" श्यू बाईंनी विचारलं. "पाणी देऊ?"

"नको," रू-यिन म्हणाली. तिचे कान तापले होते, आणि या वेळी राग कुणावर काढायचा हे शोधायला कुठे जायला नको होतं.

चार वाजता निकालाची बैठक बसली. लांब टेबलाभोवती चोवीस परीक्षक आणि डॉक्टर लाइ, बोट पुस्तकात घालून. देखरेख करणाऱ्याचा शिक्का अहवालावर पडल्याशिवाय निकाल बाहेर जात नाही. फान सरांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला.

"मार शिक्का. पाच दहाची गाडी आहे माझी."

"मी शिक्का मारणार नाही, सर."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"आकडे जुळत नाहीत का?" सरांनी विचारलं.

"फार जुळतात." तिने अकरा कागद टेबलावर ठेवले, एकाशेजारी एक. चुंगने ते ओळखले आणि तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. त्या अकरांच्या वर तिने बारावा, जुना कागद ठेवला. "आपण माझ्यापासून सुरुवात करू."

सरांनी चष्मा वर केला. "हा तर तुझा शिक्का."

"माझाच. दोन वर्षांपूर्वीचा. खाली चार आहे. तुमच्या टोपणाचा आवाज आला आणि मी त्याचा दोन केला. ती मुलगी नापास झाली आणि मी खाली जाऊन जेवले."

"मी तुला म्हणालो होतो, दोन कर म्हणून?"

"नाही सर."

"कधी कुणाला म्हणालो?" सरांनी टेबलाभोवती नजर फिरवली. सगळ्या माना खाली. "सांगा ना. कोणाला म्हणालो?"

"कुणालाच नाही," रू-यिन म्हणाली. "तुम्हाला म्हणावंच लागलं नाही. म्हणून तर एवढी वर्षं चाललं."

सर खुर्चीत पुढे सरकले. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखे म्हणाले, "रू-यिन, तुझे वडील गेले तेव्हा अतिदक्षता विभागात तीन दिवस तुझ्याशेजारी कोण बसलं होतं?"

"तुम्ही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "पण तुमचे उपकार मी फेडायचे होते, सर. ते मी त्या मुलीला फेडायला लावले. तिची दोन वर्षं घेतली मी, आणि तुमच्या कपात चहा ओतत बसले. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाने कुणाचं ना कुणाचं काहीतरी असंच दिलंय. शिक्के मोजू का?"

कुणी मोज म्हणालं नाही.

"एकाने पास केलं, दुसऱ्याने नापास केलं, की तिसऱ्याकडे जायचं. नियम आपलाच आहे," ती म्हणाली. "पट्टीखालचा आकडा हाच परीक्षकाचा खरा आकडा, असं मी देखरेख करणारी म्हणून लिहून देते. अकराही जातील. डॉक्टर लाइ."

लाइने पुस्तकातलं बोट काढलं. "अकरा? एकदम?"

"सहा वर्षांचा चहा प्यायलात. एकतीस नंबरपासून सुरू करा."

लाइने निमूटपणे हेडफोनकडे हात नेला.

"हेडफोन नकोत," रू-यिन म्हणाली. "मोठ्याने लावा."

खोलीभर पानाइचा आवाज पसरला. आधी फोन उचलीन. रक्त मागवीन. परीक्षक ऐकत होते. प्रशिक्षणाच्या चित्रफितीला त्यांनी इतका कान कधी दिला नव्हता. फोन कानाला लावून सुई घालता येते, हे वाक्य आलं तेव्हा एका म्हाताऱ्या परीक्षिकेने नकळत मान हलवली. मग फान सरांचा आवाज आला. भूल पण आता सवलतीने द्यायची का? तो आवाज टेबलावरच्या लहानशा यंत्रातून आला आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे बघायचं धाडस कुणाला झालं नाही. सर खिडकीबाहेर बघत होते.

रक्त तेवढं डोंगरापलीकडून येतं, पानाइ म्हणाली, आणि घंटा वाजली.

लाइने कोरा कागद ओढला, पेन उचललं. मग सवयीने, काही न ठरवता, त्याची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली.

रू-यिन उठली. ती चालत जाऊन त्या दोघांच्या मधे उभी राहिली, लाइकडे तोंड करून, फान सरांकडे पाठ करून. ज्याने आपल्याला शिकवलं त्याच्याकडे माणूस कधी पाठ करत नाही. पंचवीस वर्षांच्या डॉक्टरकीत तिने ती केली नव्हती. ती तिथून हलली नाही.

"तुम्ही काय ऐकलंत ते लिहा," ती लाइला म्हणाली.

तिच्या पाठीमागे टक्कन आवाज झाला. टोपण बसलं होतं.

लाइचा हात थांबला. खोलीतले सगळे डोळे त्या हाताकडे लागले. लाइने पुन्हा वर पाहिलं, आणि त्याला रू-यिनचे लालबुंद कान दिसले, त्यापलीकडचं काही दिसलं नाही. त्याने खाली बघून आकडा लिहिला, सावकाश, मोठा. चार.

व्हाइटनर कुणी मागितलं नाही.

"पुढचा लावा," रू-यिन तिथेच उभी राहून म्हणाली. "अजून दहा आहेत."